यॉर्दांकाचा शोध

“चाळीस कागद?” प्लामेनने चष्मा कपाळावर चढवला. “अगं, या गल्लीत आपल्याला ओळखणारी माणसं चार. त्यांतली दोन आपण दिसलो की पलीकडच्या फुटपाथने जातात.”

“आपल्याला नाही ओळखलं तरी चालेल,” रुमियाना म्हणाली. “आईला ओळखायला हवं.”

टेबलावर रुमियानाची आई, यॉर्दांका, चाळीस वेळा छापून पडली होती. डोक्याला काळा रुमाल आणि चेहऱ्यावर ‘उरका लवकर’ असा भाव. भोवती जाड काळी चौकट, वर क्रूस आणि खाली बल्गेरियन लिपीत मजकूर : वय ७९, जाऊन १ वर्ष झालं, मुलीला आणि जावयाला फार आठवण येते, दुपारी बाराला घरी या.

बल्गेरियात व्रात्साजवळच्या त्यांच्या गावात असा कागद दारावर लागायचा, बस थांब्यावर लागायचा, पावाच्या दुकानाच्या काचेवर लागायचा. माणूस गेलं की एकदा, चाळिसाव्या दिवशी एकदा, मग सहा महिन्यांनी, मग वर्षाने. यॉर्दांका स्वतः रोज सकाळी चौकातल्या झाडापाशी जाऊन हे कागद वाचायची आणि घरी येऊन कॉफी पिताना सगळ्यांची खबर सांगायची. कोणाचा फोटो चांगला आलाय, कोणाच्या सुनेने काटकसर करून लहान कागद छापलाय, हे तिच्या नजरेतून कधी सुटलं नाही. तिच्याच वर्षश्राद्धाला मुलीने कागद लावला नाही, तर ती वरून काय बोलेल याची रुमियानाला पूर्ण कल्पना होती.

गावी जायचं तर इथे इंग्लंडमध्ये, पीटरबरोच्या सॅलड भरायच्या कारखान्यात एप्रिलमध्ये रजा मिळत नाही. म्हणून पहाटेच उठून तिने साखर घालून गहू उकडले होते, वर अक्रोड पेरले होते, दोन मोठे पाव भाजले होते. आता परक्या तोंडांनी ते गहू खायला हवे होते आणि प्रत्येक घासाला ‘देव तिला क्षमा करो’ म्हणायला हवं होतं. कोणी खाल्लंच नाही, तर तिकडे वर आई उपाशी राहते. प्लामेन हे हसण्यावारी न्यायचा. रुमियानाला मात्र आठवडाभर त्याच विचाराने झोप नव्हती.

“आणि हे वाचणार कोण?” प्लामेनने विचारलं.

“वाचायचंय काय त्यात? चौकट काळी आहे, वर क्रूस आहे. आणखी काय सांगायचं माणसाला?”

“इथे ही पद्धत नाहीये, बाई.”

“नाही कशी? काल कोपऱ्यावरच्या खांबावर बघितलं मी. फोटो, नाव, खाली फोन नंबरसुद्धा.”

“कोणाचा फोटो?”

“मांजराचा,” रुमियाना म्हणाली. “इतकी मायाळू माणसं आहेत ही. मांजर गेलं तरी कागद लावतात.”

प्लामेनने वाद न घालता चिकटपट्टी शोधून तिच्या पुढ्यात ठेवली. एकतीस वर्षांच्या संसारात तो तेवढं शिकला होता.

सात वाजता रुमियाना चिकटपट्टी घेऊन बाहेर पडली. हॉथॉर्न रोडचा एकही खांब तिने सोडला नाही. नदीकडे जाणारी पायवाट झाली, बस थांबा झाला, पोस्टाची पेटीही झाली. पावणेआठला ती घरी येऊन पाव कापायला बसली.

पावणेनऊला दारावरची घंटा वाजली. शेजारच्या डोरीनबाई होत्या आणि त्यांच्यामागे चकाकणारं पिवळं जाकीट घातलेला क्लाइव्ह. हा अग्निशमन दलातून निवृत्त झालेला गृहस्थ. गल्लीच्या रखवाली मंडळाचा अध्यक्ष होऊन त्याला अकरा वर्षं झाली होती आणि या अकरा वर्षांत एक चोरीला गेलेली कुंडी सोडली, तर त्याच्या वाट्याला काहीही आलं नव्हतं.

“कागद आत्ताच बघितला आम्ही. तुम्हाला तो लावताना डोरीनने पाहिलं,” क्लाइव्ह हलक्या आवाजात म्हणाला. “तुमच्या आईच ना?”

“हो, माझी आई.” रुमियानाचे डोळे भरून आले. दीड वर्षात तिच्या दाराशी आलेला हा पहिला इंग्रज माणूस. त्याआधी एक आला होता, तो मीटर बघायला.

“पोरी, तू एकटी नाहीस हं,” असं म्हणून डोरीनबाईंनी तिचा हात हातात घेतला.

क्लाइव्हने वही काढली. “उंची किती?”

रुमियानाला भडभडून आलं. गावीसुद्धा माणसं येतात, गेलेल्याबद्दल दोन शब्द विचारतात. पण उंची? इतक्या आपुलकीने?

“माझ्या खांद्यापर्यंत.”

“कपडे?”

“काळेच. रुमालही काळा.”

“त्यांच्या आवडीच्या जागा कोणत्या?”

“नदी!” रुमियाना एकदम खुलली. “रोज सकाळी नदीवर. तो हाताला चावणारा पाला असतो ना काठावर, तो खुडायला. त्याची भाजी काय करायची माहितेय! आणि मग बस थांबा. बस पकडायला नव्हे हो, माणसं बघायला.”

क्लाइव्हने ‘नदी’ या शब्दाखाली दोनदा रेघ ओढली. “आणि तारीख?”

“एकोणीस एप्रिल.”

“म्हणजे आजच.”

“आजच. बारा वाजता सगळे या. मी जेवायचं केलंय.”

“बारापर्यंत थांबायचं नाही,” क्लाइव्ह निर्धाराने म्हणाला. “आम्ही लगेच लागतो कामाला.”

“अहो, कशाला त्रास? सगळं झालंय माझं.”

पायऱ्या उतरताना क्लाइव्ह डोरीनबाईंना म्हणाला, “काय धीराची बाई आहे!”

रुमियाना धावतच स्वयंपाकघरात आली. “प्लामेन, उंची विचारली रे त्यांनी! आपल्या गावात कोणी विचारली होती उंची?”

“आपल्या गावात सगळ्यांना ठाऊक होती,” प्लामेन म्हणाला.

त्यानंतर घंटा वाजतच राहिली. कोणी थर्मासभर चहा देऊन गेलं, कोणी घोंगडी. साडेनऊच्या सुमाराला एक उंच माणूस कुत्रा घेऊन आला आणि संकोचून म्हणाला, “तुमच्या आईंचा एखादा कपडा मिळेल का?”

आता मात्र रुमियाना थक्कच झाली. गेलेल्याचे कपडे वर्षश्राद्धाला शेजाऱ्यांना वाटायचे असतात, हे या माणसाला कोणी सांगितलं? तिने कपाटातून आईची विणलेली लोकरीची बंडी काढली, तिचं चुंबन घेतलं आणि त्याच्या हातात ठेवली.

“परत आणून देतो,” तो म्हणाला.

“परत आणायची नाही! तुम्हीच घाला. सुखाने घाला.”

तो माणूस बंडीकडे आणि आपल्या सव्वासहा फुटी देहाकडे आळीपाळीने बघत गेला. कुत्र्याने बंडी हुंगली, गल्लीला एक फेरी मारली आणि सरळ रुमियानाच्या दारात येऊन बसला. असं तीनदा झालं. बंडी वर्षभर तिच्याच कपाटात होती, तो बिचारा आणखी कुठे जाणार?

दहाच्या पुढे रुमियानाने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. वीसबावीस माणसं एका ओळीत नदीकडे निघाली होती. काठावर पोचल्यावर ती पांगली आणि वाकून वाकून झुडपांत, पाल्यात काठ्या घालू लागली.

“प्लामेन, इकडे ये. बघ, आईसाठी पाला खुडतायत.”

प्लामेन खिडकीपाशी आला. “काठीने?”

“त्यांना सवय नसेल रे.”

तिला आईचे हात आठवले. लहानपणी ती विचारायची, आई, तुला हा पाला चावत नाही का? आई म्हणायची, घट्ट धरलं की नाही चावत, भीत भीत धरलं की चावतो. पिशवी भरली की आई नदीकाठच्या दगडावर बसून बुटातली माती झाडायची आणि उगाचच गाणं गुणगुणायची. त्याचे शब्द कोणालाच कधी कळले नाहीत. आईच्या अंत्यविधीला रुमियाना पोचली तेव्हा मातीही देऊन झाली होती, विमान सहा तास उशिरा आलं होतं. इथे सॅलडची पाकिटं भरताना कधी कधी हाताला ओल्या पाल्याचा वास येई, आणि सरकत्या पट्ट्यावरची पुढची दहा पाकिटं तशीच निघून जात. मुकादम ओरडे. तो ओरडला की तिला बरं वाटे, कारण मग डोळ्यांतल्या पाण्याचं कारण सांगावं लागत नसे.

बाराला दहा मिनिटं कमी असताना बाहेर गलका झाला. टाळ्याही ऐकू आल्या. रुमियानाने दार उघडलं.

“सापडल्या!” क्लाइव्ह ओरडला. तो कमरेपर्यंत भिजला होता आणि त्याच्या जाकिटाला शेवाळ लागलं होतं. “बस थांब्यावर होत्या! तुम्ही म्हणालात तश्शाच!”

त्याने बाजूला होऊन वाट करून दिली. घोंगडीत गुंडाळलेली एक लहानखुरी म्हातारी पायऱ्या चढत होती. काळा झगा, काळा रुमाल. एक क्षण, एकच क्षण, रुमियानाला ती आईच वाटली. मग म्हातारीने मान वर केली आणि ती दुसरीच कोणीतरी होती.

“ही कोण?” रुमियानाने विचारलं.

“कोण म्हणजे? तुमच्या आई!”

“माझी आई गेली,” रुमियाना म्हणाली. “आज वर्ष झालं. म्हणून तर कागद लावले.”

पायऱ्यांवर, अंगणात, फुटपाथवर मिळून बावीस माणसं उभी होती. कुत्र्याने तेवढी शेपूट हलवली.

“म्हणजे,” क्लाइव्ह सावकाश म्हणाला, “त्या हरवल्या नव्हत्या?”

“हरवल्या?” आता सगळी सकाळ उलट्या क्रमाने रुमियानाच्या डोळ्यांपुढून गेली. बंडी, वही, उंची. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. दार लावून घ्यावं आणि पहिल्या विमानाने निघून जावं, असं तिला वाटलं.

“आजी, मग तुम्ही कोण?” क्लाइव्हने म्हातारीला विचारलं.

“कोंचेत्ता. पलीकडच्या वस्तीत राहते. साठ वर्षं झाली. नवरा विटांच्या भट्टीवर होता.”

“अहो, पण मी ‘घरी चलायचं का’ विचारलं, तेव्हा हो का म्हणालात?”

“मी इथेच यायला निघाले होते, घर विचारत विचारत. गुडघे दुखले म्हणून टेकले. तू गाडीतून नेतो म्हणालास, नाही कशाला म्हणू?” कोंचेत्ताने घोंगडी नीट केली. “खांबावर काळी चौकट बघितली, क्रूस बघितला. आमच्या इटलीतल्या गावी भिंतीवर हेच चिकटवतात. अक्षर एक कळलं नाही, पण बाराचा आकडा कळला. पत्ता या पिवळ्या जाकिटवाल्याला ठाऊक होता. आता आत घेतेस का, पोरी, की वर्षाच्या दिवशी दारातच उभं करतेस?”

ती आत गेली, खुर्चीवर बसली आणि चमचा उचलला. “तुमच्यात काय म्हणतात?”

“देव तिला क्षमा करो,” रुमियाना म्हणाली.

“केली असेल एव्हाना,” असं म्हणून कोंचेत्ताने मोठा घास घेतला.

बाकीचे दारातच घुटमळत होते. क्लाइव्ह आपल्या ओल्या बुटांकडे बघत पुटपुटला, “मी सकाळपासून कमरेइतक्या पाण्यात...”

“माझ्या आईसाठी,” रुमियाना म्हणाली. “गावात असते ना, तर कोणी घोट्याइतक्या पाण्यातही उतरलं नसतं. या आत. बूट राहू द्या.”

मग ते आले. बावीस माणसांनी कपात, बशीत, मिळेल त्यात गहू घेतले आणि अवघडून, पण एकेकाने, ‘देव तिला क्षमा करो’ म्हटलं. कुत्रेवाल्याने तर बंडी गळ्याभोवती बांधली होती. सगळ्यांना यॉर्दांकाची उंची ठाऊक होती, रुमाल ठाऊक होता, नदी ठाऊक होती. गाणं कसलं गुणगुणायची, हेही कोणीतरी विचारलं. रुमियानाने ते गुणगुणून दाखवलं, अर्थातच शब्दांशिवाय. प्लामेन कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांना लाल वाइन ओतत होता आणि कोणी बघत नाहीसं पाहून डोळे पुसत होता.

सगळे गेल्यावर डोरीनबाई चमचे धुवायला थांबल्या. बराच वेळ त्या एकच चमचा धूत होत्या.

“माझ्या नवऱ्याला, रेगला, जाऊन नऊ वर्षं झाली,” त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. “पहिल्या आठवड्यात सांत्वनाची कार्डं आली. त्यानंतर कोणी नाव काढलं नाही. मला वाईट वाटेल म्हणून. नाव काढलं नाही तर किती वाईट वाटतं, हे कोणी विचारलंच नाही.” त्यांनी चमचा पुसला. “ते कागद कुठे छापून मिळतात गं?”

पुढच्या शनिवारी रुमियाना गव्हाचं पातेलं घेऊन डोरीनबाईंकडे गेली. हॉथॉर्न रोडच्या खांबांवर रेग हसत होता, खाली फक्त नाव आणि घराचा पत्ता. डोरीनबाईंनी हौसेने दोन गल्ल्या पलीकडेही कागद लावले होते. तिथल्या लोकांना मागची हकीकत काही माहीत नव्हती.

नऊच्या ठोक्याला घंटा वाजली. दारात चकाकणारी जाकिटं घातलेली तीन अनोळखी माणसं होती. एकाच्या हातात वही होती.

“घाबरू नका, बाई. सापडतील ते,” तो म्हणाला. “उंची साधारण किती असेल?”

“अहो, तसं नाहीये,” रुमियाना पुढे झाली. पण डोरीनबाईंनी तिचा दंड हळूच दाबला आणि दार सताड उघडलं.

“सहा फूट एक,” त्या म्हणाल्या. “लग्नात बूट घालून सहा-दोन होता. या ना, बसा. सगळं सांगते.”