शिट्टीची फट

आजोबांची नवी कवळी इतकी झकास झाली होती, की आजी त्यांना येताजाता हसायला लावत होती. पुढच्या दोन दातांमध्ये त्यांना लहानपणापासून फट होती. ती कवळीत अजिबात नको, असं तिनेच कारागिराला बजावलं होतं. चावणं उत्तम, बोलणं स्वच्छ, दिसणं तर विचारूच नका. तरी आठवड्याच्या आत आजोबा गुपचूप कवळीच्या कारागिराकडे हजर.

"शिट्टी वाजत नाही," ते म्हणाले.

कवळीने खाता यावं, बोलता यावं आणि फोटोत बरं दिसावं, एवढंच कारागीर आजवर बघत आला होता. शिट्टी त्याच्या गावीही नव्हती. मग आजोबांनी सगळं सांगितलं. संध्याकाळी गच्चीवर त्या फटीतून शिट्टी घातली, की त्यांची कबुतरं खाली उतरत. आता तोंडातून नुसती हवा जाते, आणि मेली कबुतरं समोरच्या गच्चीवर मुक्काम ठोकून बसली आहेत. बायकोला सांगायची सोय नाही, तिचा त्या फटीवर पहिल्यापासून राग.

आता कारागिराला कुठलं स्वस्थ बसवतंय? कबुतरांना शिट्टी कळते तरी कशी, हे डोळ्यांनी बघायलाच हवं होतं. संध्याकाळी तो बारीक कानस घेऊन गच्चीवर पोचला. दातांमध्ये किंचित घासायचं, कवळी धुऊन आजोबांना द्यायची, त्यांनी फुंकायचं. फुस्स. पुन्हा घासायचं. आपणच घडवलेले दात कुरतडणं त्याच्या जिवावर येत होतं, पण हात थांबेना. अखेर अशी खणखणीत शिट्टी वाजली, की तो स्वतःच दचकला.

समोरच्या कबुतरांनी मानसुद्धा वळवली नाही. आजोबांचा चेहरा पडला.

तेवढ्यात आजी दाण्यांचा डबा खुळखुळवत जिना चढून आली, आणि अख्खा थवा फडफडत तिच्या पायाशी उतरला. कारागीर एकदा डब्याकडे, एकदा कबुतरांकडे बघत राहिला. शेवटी त्याने विचारलंच, रोज असंच होतं का म्हणून.

"रोजच. यांची शिट्टी ऐकली की मी डबा घेऊन वर येते," आजी म्हणाली. "मध्यंतरी वाजली नाही. मला वाटलं, यांना कबुतरांचा कंटाळा आला."

इतकी वर्षं आपल्या शिट्टीने नक्की कोण येत होतं, ते आजोबांना आत्ता कळलं. ते ओशाळून हसले आणि फट उघडी पडली. आजीच्या कपाळाला आठी पडलेली बघून कारागीर घाईघाईने म्हणाला, की फट उद्याच बुजवून देतो, कबुतरांना डबा पुरे आहे.

आजीने मूठभर दाणे टाकले.

"राहू द्या ती," ती म्हणाली. "नाहीतर मला हाक कशी मारतील?"