गार होऊ दे

आमच्या चौसाळ्यातल्या गल्लीत कुणाचीही गाडी थांबली की समोरचे महालिंगअप्पा किराणा दुकानातून उठून येतात आणि माणसाच्या आधी गाडीची विचारपूस करतात. आई लेकराच्या कपाळाला लावते तसा उलटा हात इंजनाजवळ धरायचा, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "लई तापलीय. गार होऊ दे." पोस्टमनची गाडी असो की नवरदेवाची, सुटका नाही.

गल्लीत भांडण झालं तरी अप्पांचा सल्ला हाच. माझ्या निकालाच्या दिवशी मी घाम पुसत उभा होतो, तेव्हाही हाच.

दुकान किराण्याचं असलं तरी अप्पांचा जीव स्पार्क प्लगमध्ये. स्वतःच्या मोटारसायकलचा प्लग ते घरीच, ओट्यावर पोतं अंथरून बदलतात. जुना प्लग काढला की चष्मा कपाळावर सरकवून त्याचं टोक निरखतात. टोक बिस्किटाच्या रंगाचं असलं तर मालक शहाणा. काजळी धरली असली तर, "हा गडी उतावळा. ह्याच्या घरी पोरगी देऊ नगा."

हे नुसतं बोलणं नव्हतं. गिरिजाला, म्हणजे त्यांच्या एकुलत्या लेकीला, बघायला पाहुणे आले तेव्हा बाकीचे मुलाची नोकरी विचारत होते आणि अप्पा बाहेर त्याच्या मोटारसायकलजवळ बसले होते. इंजन गार होईपर्यंत पाहुण्यांचा तीनदा चहा झाला. मग अप्पा प्लग घेऊन बैठकीत आले आणि मुलाच्या बापापुढे धरून म्हणाले, "बिस्किट कलर हाय. आमाला पसंत हाय."

गरम इंजनात पाना घातला तर आतले आटे जातात, हे अप्पांचं शास्त्र. ते त्यांनी मोडलेलं मी एकदाच पाहिलं. माझे आईवडील मेंढरं राखायचे. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचणारा मी पहिला. शेवटच्या पेपरला एसटी आलीच नाही, तेव्हा अप्पांनी दुकानाचं शटर ओढलं आणि मला मागं बसवलं. वाटेत पाली गावाच्या अलीकडं गाडी बंद पडली. मी म्हणालो, "अप्पा, गार होऊ द्यायची ना?"

"गार कावून? पेपर थांबतोय का तुझा?" असं म्हणत त्यांनी उपरणं गुंडाळून तसाच तापलेला प्लग काढला. बोट चांगलंच भाजलं. खिशातला नवा प्लग आधी हातानं फिरवून बसवला, मग पान्यानं जरासा आवळला. मी वेळेत पोचलो. तेव्हापासून ते मला बी.ए. म्हणतात. मी आता शाळेत शिकवतो, तरी गल्लीभर हाक येते, "ए बी.ए., पाना धर!"

गिरिजा पुण्याला असते. वर्षातून दोनदा नवऱ्यासोबत कारनं येते, दोन दिवस राहते. गेल्या दिवाळीला निघायच्या सकाळी अप्पा पोतं घेऊन हजर. "पाव्हणं, चारी प्लग बदलून देतो. आदी चालू करा, आवाज ऐकू द्या."

जावयानं बिचाऱ्यानं गाडी चालू केली. अप्पांनी दहा मिनिटं मान डोलावत आवाज ऐकला, मग बॉनेटवर उलटा हात ठेवून दचकले. "तापली की! आता गार होऊ दे."

मी पाना धरून शेजारीच होतो. हळूच म्हणालो, "अप्पा, दोन दिवस उभी होती. गारच होती की."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "बी.ए. झालास न्हवं? मग गप बस बे."

गाडी गार होईपर्यंत स्वयंपाक झाला, जेवणं झाली, गिरिजाची आईसोबत एक झोपही झाली.

यंदाही अप्पांनी सकाळीच पोतं अंथरलं. पण जावई हसत म्हणाले, "अप्पा, तुम्हाला त्रास नको म्हणून प्लग तिकडंच बदलून आणलेत. वर्षभर बघायला नको."

"ब्येस झालं," अप्पा म्हणाले. त्यांनी पोत्याची घडी घातली. घडी नीट बसली नाही म्हणून उलगडून पुन्हा घातली. मग दुकानात जाऊन गिऱ्हाईक नसताना साखर मोजत बसले. मला पाना कुठं ठेवावा कळेना.

बॅगा डिकीत गेल्या. गिरिजाच्या आईनं तिची ओटी भरली. गिरिजानं नवऱ्याच्या हातातून किल्ली घेतली, गाडीत बसली आणि इंजन चालू केलं. निघाली मात्र नाही. काच वर करून, समोर बघत बसून राहिली. दहा मिनिटं तरी गेली असतील. मग इंजन बंद करून खाली उतरली, बॉनेटवर उलटा हात ठेवला आणि डोळे मिटले.

"अप्पा, लई तापलीय ओ."

जावई म्हणाले, "अगं, पण प्लग तर..." आणि माझ्या तोंडाकडं बघून थांबले.

अप्पा मापटं तसंच हातात घेऊन दुकानाची पायरी उतरले. लेकीच्या हाताशेजारी आपला हात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"दोन तास तरी लागतील," ते म्हणाले.

"तीन," गिरिजा म्हणाली.