चालीस कदम, चूप

वरात ऐन रंगात आली आहे. नवरदेवाचा मामा दातात रुमाल धरून भर रस्त्यावर नागासारखा लोळून राहिला आहे. नवरदेवाची आत्या जन्मात पहिल्यांदा कमरेवर हात ठेवून नाचायले उतरली आहे. अन् नेमका तवाच आमच्या बँडचा सत्तार मास्तर क्लॅरनेट तोंडातून काढते, डावा हात वर करते अन् म्हणते, "चालीस कदम, चूप!"

बाजा ठप्प. मामा रस्त्यावर तसाच आडवा. आत्याचा एक हात कमरेवर, एक हवेत. आता उठावं का लोळावं हे मामाले समजत नाही. घोडं तेवढं चालत राहते, कारण त्याले सवय झाली आहे.

रस्त्यात कोणाच्या घरी मयत झाली असेल, कोणी फार आजारी असेल, तर बँडवाल्यानं त्या घरापुढं वाजवू नये ही आमच्या धंद्याची रीत आहे. सगळेच पाळतात. पण सत्तार मास्तरची रीत त्याच्या एकट्याची. घराच्या अलीकडं वीस पावलं, पलीकडं वीस. एक कमी नाही, एक जास्त नाही. अन् ज्या घरापुढं तो एकदा गप झाला, त्या घरापुढं जन्मभर गप. बार्शीटाकळीत एका घरी एक म्हातारा खाटेवर होता. म्हातारा वारला, पोरांनी घर विकलं, आता तथी ब्युटी पार्लर आहे. तरी चालीस कदम. पार्लरवाली बाई बाहेर येऊन म्हणाली, "काका, माझ्या दुकानात कोण मेलं?"

मास्तर म्हणाला, "घर को याद रहता है, बेटी."

मी या बँडमध्ये बडा ढोल वाजवतो. दादाराव माझं नाव. शाळा दुसरीपर्यंत झाली, तीही गुरुजीनं मारलं म्हणून सोडली, नाहीतर चौथीपर्यंत गेलो असतो. ढोल मात्र चाळीस वर्षं झाली, कोणाले एक ठोका चुकलेला दाखवता आला नाही. क्लॅरनेटवाला पुढं चालते म्हणून लोक त्याले मास्तर म्हणतात, पण वरात नाचते ते ढोलावर. हे मी सत्तारले तोंडावर सांगितलं आहे. म्हणून त्यानं हात वर केला तरी मी लगेच थांबत नाही. सगळे गप झाले की एक ठोका जास्तीचा देतो. धुम्म! म्हणजे लोकायले समजलं पाहिजे, दादाराव आपल्या मर्जीनं थांबला.

सत्तार दर वेळी वळून पाहते अन् म्हणते, "हो गया तुम्हारा, मियाँ?"

तो सगळ्यांनाच मियाँ म्हणते. मले, नवरदेवाले, फौजदाराले, एकदा तर नवरीच्या आईलेही म्हणाला.

अमरावतीहून आमची गाडी निघाली की बाकीचे लोक जागेसाठी भांडतात. सत्तार सगळ्यात मागं, तोंड मागच्या रस्त्याकडं करून बसते. मी विचारलं, "काहून बापा, उलटा काहून बसतं?" तर म्हणे, "आगे का तो आने वालाच है, मियाँ. जो छूट रहा वो देखना पडता." क्लॅरनेटची पत्ती तोंडात धरून चघळत राहते. लाल कोटाची सात बटणं सात रंगाची, कारण तुटलं की ज्या गावी तुटलं तिथलंच बटण तो लावते. पांढरं अकोल्याचं, हिरवं परतवाड्याचं. कोट पाहून आमचा सगळा धंदा कुठं कुठं चालते ते सांगता येते.

गावात उतरला की आम्ही चहा शोधतो. हा पानठेल्यावर जाते अन् विचारते, "इस रस्ते पे बीमार कौन है?" लोकायले वाटते डॉक्टर आला. अकोल्याजवळच्या एका गावी तर एका माणसानं सदरा काढून याच्यापुढं पाठ केली. पाठीवर हे एवढं गळू. सत्तारनं नीट पाहिलं अन् म्हणाला, "इसके लिए बाजा बंद नहीं होता."

आता आमचा शेठ गजू. बँड त्याच्या बापाचा, आता त्याचा. त्यानं गाडीवर मोठे भोंगे बसवले, कॅसिओ आणला, लायटा लावल्या. त्याले सत्तारचं हे चालीस कदम अजिबात खपत नव्हतं. अकोल्याच्या एका लग्नात मास्तरनं एकाच गल्लीत चार वेळा बाजा बंद केला. नवरदेवाचे दोस्त नाचायच्या आवेशात होते, ते शेठच्या अंगावर आले. परत निघताना गजूनं सगळ्यांपुढं सांगून टाकलं, "मास्तर, आता एक बार जरी बंद केलं, तर पुढच्या लग्नापासून कॅसिओवाला पुढं चालंन. तुम्ही घरी बसा."

सत्तार आपल्या मागच्या जागेवर जाऊन बसला. पण मी त्याचं तोंड पाहिलं. घरी बसा म्हणजे काय हे मले ठाऊक होतं. आम्ही एकाच गल्लीत राहतो. त्याची बायको झुबेदाभाभी चौदा वर्षांमागं गेली, पोरबाळ नाही. घराले सहा महिने कुलूप अन् सहा महिने नुसता एक माणूस. हा जो काही आहे तो रस्त्यावर आहे. पुढं चालला तर आहे, नाहीतर नाही.

पुढचं लग्न हिवरखेडचं होतं. गजू मुद्दाम संग आला. दुपारची वेळ, नवरदेव मारोतीच्या पाया पडायले निघाला. मारोतीच्या रस्त्यावर गोदाआजीचं घर लागते. अकरा वर्षांमागं आजीच्या अंगावरून वारं गेलं होतं, तवापासून आम्ही त्या घरापुढं गप. घर जवळ आलं तशी मी सत्तारकडं नजर ठेवली. मनात म्हटलं, आज नको करू बापा. आज एक दिवस नको करू.

बरोबर वीस पावलांवर हात वर झाला. "चालीस कदम, चूप!"

बाजा थांबला. मी माझा ठोका दिला. गजू गाडीवरून उडी टाकून पुढं आला. पण त्याच्या आधी घराच्या ओट्यावरून आवाज आला.

"थांब बे बाजावाल्या!"

गोदाआजी. एका हातात काठी, दुसरा हात जरा वाकडा, बाकी ठणठणीत.

"काहून बे? गावभर वाजवत येतं, अन् माह्याच दारापुढं तुह्या बाजाले लकवा मारते काय?"

लोक हसले. सत्तारनं टोपी काढली. "आजी, तुम बीमार थे ना…"

"बिमार होती! मेली नाही!" आजीनं काठी आपटली. "अकरा वर्सं झाली. जे लगन निघते ते माह्या दारापुढं मुकं होते. सून म्हणते, आत्याबाई, तुमचं सुतक गाव आगाऊच पाळून राहिलं."

सून दारातून म्हणाली, "मी नाही म्हटलं, बाप्पा!"

"तू गप. म्हटलं तुनं." आजी पुन्हा सत्तारकडं वळली. आता तिचा आवाज जरा खाली आला. "आयक. मी खाटेवर होती, हात हालत नोयता, पाय हालत नोयता. अन् दुरून बाजा येऊन राहिला. म्हटलं, आला, आला, आता दारापाशी येते. अन् दारापाशी आला, अन् बंद! मले वाटलं, गेली मी. म्हटलं हेच ते मरण, काही आयकू येत नाही. घामानं भिजली ना बापा मी. मंग तिकडं मारोतीपाशी वाजलं तवा समजलं का जित्ती हावो."

कोणी हसलं नाही, मग सगळेच हसले. आजीही हसली. सत्तार तेवढा नाही.

"आजाऱ्याले बाजा काही करत नाही," आजी म्हणाली. "उलट वाटते, आपुन अजून गावात हावो. वाजव आता. अकरा वर्सांचं वाजव."

गजू म्हणाला, "मास्तर, वाजवा. नाहीतर खरंच सांगतो…"

सत्तारनं क्लॅरनेट तोंडाशी नेलं. हवा गेली, सूर निघाला नाही. पुन्हा नेलं. चाळीस वर्षांत त्याची फुंक वाया गेलेली मी पाहिली नव्हती. म्हणून मी ढोलावर थाप दिली. एक, दोन. तिसऱ्या थापेवर सूर उठला. अन् असा वाजवला की ओट्यावर आजी काठी वर करून डोलायले लागली अन् सुनेनं तिले मागून धरून ठेवलं.

परत येताना गाडीत सत्तार मागं तोंड करून बसला नाही. माझ्या बाजूले येऊन बसला. तोंडातली पत्ती काढली. मग म्हणाला, "दादाराव." मियाँ नाही म्हणाला. "मेरी वाली को भी बाजा अच्छा लगा होगा क्या?"

मी समजलो. झुबेदाभाभी गेली त्या दिवशी आम्ही दोघंही सेमाडोहले होतो. मेळघाटात तवा मोबाईलले रेंज नाही, निरोप कसा यावा? आम्ही दुसऱ्या दिवशी परतलो तवा तिले कबरीत मिट्टी देऊन झाली होती. शेजाऱ्यांनी सत्तारले सांगितलं, ती शेवटच्या घटकेले होती अन् गल्लीतून एक वरात धडधड वाजत गेली. कोणी थांबवली नाही.

"जनाजे को चालीस कदम कंधा देते, मियाँ," तो म्हणाला. "चार पाये, दस इस पाये को, दस उस पाये को. मैंने एक नहीं दिया. तो सोचा, दूसरों के दरवाजे पे देता चलूँ."

चाळीसचा हिशोब मले त्या दिवशी समजला. अन् मी दर वेळी त्यात एक ठोका घालत होतो.

आता माझी गोष्ट सांगतो. माझी बायको त्या दिवशी भाभीजवळ बसून होती. तिनं मले तवाच एक सांगितलं होतं. मी ते सत्तारले कधी सांगितलं नाही. वाटलं, याच्या जिवाले लागंन. एकदा नाही सांगायचं ठरवलं की मी सांगत नाही, असा माझा स्वभाव. चौदा वर्षं धरून बसलो. पण आजीनं सत्तारले सुनावलं तवा समजलं, जिवाले लागंन म्हणून गप राहणारा मीही होतो.

म्हटलं, "सत्तार, वरात गल्लीत आली तवा भाभीनं डोळे उघडले. माझ्या बायकोले म्हणाली, 'आज जल्दी आ गये.' तिले वाटलं तूच आला. म्हणाली, 'चाय रख दो.'"

सत्तार गाडीच्या फळीकडं पाहत राहिला.

"चाय?"

"हौ."

"शक्कर कम बोली क्या?"

"ते नाही माहीत बापा."

"बोली होगी," तो म्हणाला.

तवापासून चालीस कदम बंद झाले. पण तुम्हाले वाटंल गजूचा त्रास गेला, तर नाही. आता सत्तार आजाऱ्याच्या घरापुढं बाजा थांबवते अन् सरळ आत जाते. खाटेपाशी उभा राहून विचारते, "बजाऊँ क्या चूप जाऊँ?" कोणी चूप म्हणते, त्याच्यापुढं आम्ही चूप. पण जास्तीचे लोक वाजवच म्हणतात, अन् वरून फर्माईशी करतात. एका म्हाताऱ्यानं तीन गाणी वाजवून घेतली, नवरदेव उन्हात घोड्यावर. गजू डोक्याले हात लावून म्हणते, "पहिले चाळीस पावलंच बरी होती." पण मास्तरले पुढून काढत नाही. हिवरखेडहून आता लोक बँड ठरवतानाच सांगतात, विचारून वाजवणारा मास्तर पाठवा.

परवा आमच्याच गल्लीत लग्न होतं. वरात सत्तारच्या घरापाशी आली. दाराले कुलूप. त्यानं हात वर केला. सगळे थांबले. मीही थांबलो. जास्तीचा ठोका दिला नाही.

सत्तार तीन पायऱ्या चढला अन् आपल्याच दाराची कडी वाजवली. टोपी काढून उभा राहिला. वरातीतला एक पाहुणा माझ्या कानात म्हणाला, "कोण बिमार आहे इथं?"

म्हटलं, "गप रहा ना जरा."

मग सत्तारनं तिथंच पायरीवर उभं राहून अख्खं गाणं वाजवलं. मी ढोल हळू ठेवला. गाणं संपलं तशी त्यानं टोपी डोक्यावर ठेवली अन् कुलपाकडं वाकून म्हणाला, "चाय रख. दूल्हे को मारोती तक छोड के आता हूँ."

अन् पुढं चालायले लागला.