बिननिबंधाचं कॉलेज

एकही निबंध न लिहिता कॉलेजात शिरून दाखवीन, असं मी बारावीच्या निकालादिवशीच घरात जाहीर करून टाकलं. निबंध आणि मी, आमचं जुनं वैर. शाळेत 'माझी आई' या विषयावर मी 'माझी आई चांगली आहे' एवढं लिहून थांबले होते, आणि आई अजून त्यावरून टोमणे मारते. हल्लीच्या खासगी कॉलेजांना तर काय झालंय कोण जाणे. मार्क बघायचे सोडून म्हणतात, तुम्ही कोण आहात ते पाचशे शब्दांत लिहा. मी रुचिता. संपलं! उरलेले शब्द कुठून आणू?

धाकटा भाऊ प्रणय या बाबतीत माझ्याहून अट्टल. "ताई, तू रस्ता काढ, पुढच्या वर्षी मी तुझ्या मागनं येतो," म्हणाला.

मला लॉजिस्टिक्स शिकायचं होतं. बाबांचे ट्रक आहेत, पण कुठला ट्रक कुठे आहे हे त्यांना ड्रायव्हरच्या बायकोला फोन केल्यावर कळतं. प्रवेश नाही मिळाला तर माझी जागा ठरलेली होती: अलिबाग रस्त्यावर काकाचं टायरचं दुकान, आणि तिथून थेट लग्नाचा मांडव. म्हणून मी इरेला पेटले. मोबाईल चाळून चाळून निबंध न मागणारी कॉलेजं शोधली आणि सगळीकडे अर्ज ठोकले. एकेकाचा नकार येत गेला. शेवटी मुंबईतलं एकच उरलं. निबंध नको, फक्त मुलाखत. पालकांसह यावे.

"म्हणजे तुम्ही आणि आई," मी बाबांना सांगितलं.

"आनि जनी? तिला सोरून पोरीचं काय ठरवलं, त वरीसभर तोंड फुगवल ती."

जनीआत्या आली म्हणजे चांगदेवकाका आले. ते आले म्हणजे भावकी आली. आमच्यात पोरीचं काहीही ठरवायला दोघं-तिघं कधी जातच नाहीत.

"बाबा, हे कॉलेज आहे, स्थळ नाही!"

"मंग त जास्तच बघायला पायजे. स्थळ मोरता येतं. कॉलेजवाले फी परत देत न्हाईत."

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर आमचं वऱ्हाड जमलं. बायका नव्या साड्यांत, काका टोपीत, आत्याच्या मांडीवर डबा. बोटीवरच्या एकानं मला "नवरा कुठाय?" असंही विचारून घेतलं.

कॉलेजच्या मॅडम भल्या होत्या. बाहेरून खुर्च्या मागवल्या, त्या पुरल्या नाहीत, तेव्हा काका मंडळी भिंतीला टेकून उभी राहिली.

"रुचिता, हाच कोर्स का निवडलास?" मॅडमनी विचारलं.

मी तोंड उघडलं.

"ती सांगल," आत्या म्हणाली. "पन आधी तुमी सांगा. होस्टेलला मासली देता का?"

"पानी दिसाला किती येल येतं?" चांगदेवकाका.

"रातीला पोरगी आजारी परली त गारी कोन देल?" बाबा.

मॅडम बिचाऱ्या एकेकाला उत्तरं देऊ लागल्या. म्हणजे मुलाखत चालली होती, फक्त कॉलेजची. तेवढ्यात आत्यानं डबा उघडला. "खावा, सकालीच तललेत." एसीच्या बंद खोलीत बोंबलांचा वास असा भरला की मॅडमनी नाकाला पदर लावून मला सोडून सगळ्यांना बाहेर पाठवलं. बाहेर आत्यानं वॉचमनला जेवायला बसवलं.

"वेळ संपली," मॅडम मला म्हणाल्या. "मी तुझा एक शब्द ऐकला नाही. मार्क कशाला देऊ?"

माझ्या डोळ्यांसमोर टायर फिरायला लागले. "मॅडम, एक संधी द्या. काय म्हणाल ते करते."

त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "ही माणसं कोण आणि तुझ्यासाठी का आली, ते लिही."

"म्हणजे... निबंध?"

"खुलासा म्हण हवं तर."

मी पेन उचललं. लिहिलं: जनी माझी आत्या. ती शाळेची पायरी चढली नाही, म्हणून तिला माझं कॉलेज आतून बघायचं होतं. एवढं लिहिलं आणि थांबताच येईना. चांगदेवकाकांचा जन्म मिठागरात गेला, पिण्याचं पाणी डोक्यावरून आणलं, म्हणून ते कुठेही आधी पाणी विचारतात. बाबांना रात्रीच्या गाडीची काळजी का, तेही लिहिलं. प्रणयच्या वेळी आईला दवाखान्यात न्यायला घरचा एकही ट्रक सापडला नव्हता. शेवटी आईपाशी आले आणि मॅडमकडे पुरवणी मागितली.

मला प्रवेश मिळाला. भावकीनं फटाके लावले.

कॉलेजनं मात्र नियम बदललाय. यंदापासून मुलाखतीला पालक आणायचे नाहीत, आणि 'माझी माणसं' या विषयावर निबंध सक्तीचा. मॅडमनी म्हणे नमुना म्हणून माझाच लावलाय नोटीस बोर्डावर.

प्रणय यंदा अर्ज करतोय. माझ्याशी बोलत नाही.