घरचं मस्टर

घरात मस्टर ठेवायचं ठरवलं तेव्हा माझा हेतू शुद्ध होता, हे आधीच सांगून ठेवतो. नंतर कोणी ऐकून घेत नाही.

मी कचेरीत हजेरी लिपिक आहे. गेली एकोणीस वर्षं सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी मी मस्टर ओढून घेतो, लाल पेनाचं टोपण काढतो आणि त्यानंतर येणाऱ्या प्रत्येकाच्या नावापुढे लेटमार्क ठेवतो. अशा माणसाची मुलगी दुसरीच्या वर्गात एका महिन्यात अकरा वेळा उशिरा पोचते, हे कचेरीत कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती.

शाळेची घंटा साडेसातला. घंटा झाली की वॉचमन फाटक लावतो आणि एक लांबडी वही पुढे करतो. तीत पालकाने स्वतःच्या हाताने उशिराचं कारण लिहायचं, सही करायची, मग मूल आत. पहिली चार कारणं मी खरी लिहिली. (स्कूटर, स्कूटर, मोजा, स्कूटर.) मग कंटाळा आला आणि सरळ 'प्रशासकीय कारण' असं लिहायला लागलो. कचेरीत हे लिहिलं की पुढे कोणी काही विचारत नाही.

शाळेत विचारतात. वर्गशिक्षिकेने मला बोलावून दुसरीच्या बाकावर बसवलं. गुडघे हनुवटीला लागले.

"तुमचं अक्षर फार सुंदर आहे," बाई म्हणाल्या.

"सवय आहे."

"पण प्रशासकीय कारण म्हणजे नक्की काय?"

"म्हणजे सकाळी आमच्याकडे जरा अडचणी असतात."

"कोणाच्या?"

मी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे बोट दाखवलं. (त्या बोटाची मला अजून लाज वाटते.)

बाईंनी नवी योजना सांगितली. येत्या महिन्यात ज्या मुलांचा एकही उशीर होणार नाही, त्यांना पुढच्या महिन्यात एकेक दिवस शाळेची घंटा वाजवायला मिळेल. ताप वगैरे आला तर मुलाला घरीच ठेवा, तो दिवस धरणार नाही. पण उशीर म्हणजे उशीर.

आमच्या मुलीला आम्ही भिंगरी म्हणतो. त्या दिवशी ती पहिल्यांदा घरापर्यंत एक शब्द न बोलता चालली. घरी आल्यावर तिने ताट एका हातात टांगतं धरलं आणि डावाने बडवायला सुरुवात केली. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका वर येऊन काय पडलं म्हणून विचारून गेले.

"बाबा, मी वाजवेन तेव्हा तू समोर उभा राहा," ती म्हणाली. "एकदम समोर."

मी शब्द दिला. आणि दुसऱ्याच दिवशी कचेरीतून रद्दीत निघालेलं एक कोरं मस्टर घरी आणलं.

चपलांच्या कपाटावर ते ठेवलं, दोरीने पेन बांधलं, रकाने आखले: उठणे, अंघोळ, बूट, बाहेर पडणे. प्रत्येक रकान्यात वेळ आणि सही. तीन लेटमार्क झाले की रविवारचे झोपाळे बंद.

"म्हणजे मलापण झोपाळे बंद का?" बायकोने विचारलं. ती रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते, तिला प्रत्येक गोष्ट नीट विचारून घ्यायची सवय आहे.

"नियम सगळ्यांना सारखा."

"मग बाबा, तुझं नाव कुठंय?" भिंगरी म्हणाली.

मस्टर ठेवणाऱ्याचं नाव मस्टरात नसतं, हे मी तिला परोपरीने समजावलं. माझं समजावणं चालू असतानाच बायकोने तळाशी माझं नाव लिहून टाकलं.

पहिल्या आठवड्याचा हिशेब असा: भिंगरी शून्य, बायको शून्य, मी नऊ.

मी मस्टर तीनदा तपासलं. चूक सापडेना. भिंगरी सहाच्या आत उठायची, बूट घालून कपाटावर बसायची आणि बाथरूममध्ये पेपर घेऊन बसलेल्या मला दारातून वेळ सांगत राहायची. "बाबा, सहा पन्नास. बाबा, सात. बाबा, पेपर बाहेर ये म्हणतोय." मग माझा चष्मा. मग स्कूटरची किल्ली. मग किल्ली सापडल्यावर स्कूटर. मी घराला शिस्त लावायला निघालो होतो, आणि घर दारात तयार उभं राहून माझी वाट बघत होतं. संताप कोणावर काढायचा तेही कळेना.

"प्रशासन कोण आहे ते कळलं का आता?" बायको म्हणाली.

तरी महिना आम्ही निभावला. एकदा कानाला दाढीचा फेस घेऊन पोचलो, एकदा फाटक मागच्या चाकाला घासलं, पण भिंगरीच्या नावापुढे एकही उशीर लागला नाही. शेवटच्या दिवशी चिठ्ठी आली: उद्या घंटेची पहिली पाळी हिची. सात पंचवीसला व्हरांड्यात हजर राहणे, नाहीतर पाळी पुढच्या मुलाला.

त्या सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठलो. पेपरला हात लावला नाही. साडेसहाला बूट घालून तयार होतो. (सही आहे, बघून घ्या.) आणि तिथेच घात झाला, कारण हाताशी वेळ उरला.

महिना बदलला होता. जुना महिना बंद केल्याशिवाय नव्याचं पान उघडायचं नाही, ही माझी एकोणीस वर्षांची शिस्त. तीन माणसं, चार रकाने, चोवीस दिवस. सह्या व्हायला हव्यात दोनशे अठ्ठ्याऐंशी. मोजल्या, भरल्या दोनशे सत्याऐंशी.

"बाबा, चल," भिंगरी म्हणाली.

"दोन मिनिटं. एक सही कमी आहे."

"अहो, राहू द्या की ती सही," बायको म्हणाली.

राहू द्या. हे हजेरी लिपिकाला सांगायचं. मी पुन्हा पहिल्या तारखेपासून बोट फिरवायला लागलो. मागून काहीतरी बोलणं झालं, मी हं म्हटलं. सतरा तारखेला सापडलं: बायकोचा बुटांचा रकाना कोरा. त्या दिवशी ती अनवाणीच खाली स्कूटर ढकलायला आली होती. मी तसा शेरा लिहिला, खाली रेघ मारली आणि समाधानाने म्हणालो, "चला."

घरात कोणी नव्हतं. मी न उघडलेल्या नव्या पानावर दोन सह्या होत्या. बाहेर पडणे, सात वाजून पाच. घड्याळात सात वाजून बावीस झाले होते.

स्कूटरची किल्ली नेहमीप्रमाणे सापडेना. मी धावत सुटलो. दूधवाल्याला धडकलो, चौकातला दिवा मला बघून लाल झाला. शाळेच्या आधीच्या कोपऱ्यावर पोचलो आणि घंटा सुरू झाली. खणखणीत. टोल सात द्यायचे असतात म्हणे, मी वीसपर्यंत मोजले.

फाटक माझ्या नाकासमोर लागलं. वॉचमनने वही पुढे केली.

"माझ्याबरोबर मूल नाही," मी धापा टाकत म्हणालो.

"मूल आत आहे," तो म्हणाला. "उशीर तुम्हाला झालाय."

कारणाच्या रकान्यात काय लिहावं ते सुचेना. फाटकाच्या गजांतून व्हरांडा दिसत होता. तिथे हातोडी परत घेण्यासाठी बाई भिंगरीच्या मागे लागल्या होत्या, आणि अगदी समोर, माझ्या जागेवर, बायको उभी होती. मी रकाना कोरा सोडून नुसती सही केली.

संध्याकाळी भिंगरी मस्टर घेऊन माझ्या शेजारी बसली.

"घंटा ऐकलीस?"

"ऐकली. फार छान वाजवलीस."

"कुठून ऐकलीस?"

खोटं बोलायचं धाडस झालं नाही. "कोपऱ्यावरून."

"कोपऱ्यापासून फाटक किती?"

"दोन मिनिटं."

तिने माझ्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं, माझ्या नावापुढे लेटमार्क ठेवला, आणि कारणासाठी शेजारी एक नवा रकाना आखला. मग जीभ दातांत धरून विचार करत राहिली.

"बाबा, प्रशासकीय कसं लिहायचं?"

मी एकेक अक्षर सांगत गेलो आणि ती लिहीत गेली. अक्षर तिचं माझ्यासारखंच सुंदर आहे.