साळवे कंपाउंडरांचा अमेरिकन पेशंट

आमच्या शेजारचे साळवेकाका बिघडलेलं कुठलंही यंत्र हाती आलं की आधी त्याच्या अंगाला हात लावून ताप बघत. मग कान लावत. आमचा पंखा घरघरायला लागला तेव्हा ते स्टुलावर चढले, डोळे मिटून ऐकत राहिले आणि खाली उतरून माझ्या बायकोला म्हणाले, "कफ हाय वहिनी. घाबरायचं कारण न्हाई, पण हयगय नको."

सगळा जन्म मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडरकी करण्यात गेलेला. निवृत्त झाल्यावर माणसं औषधाला येईनात, तेव्हा काकांनी यंत्रं धरली. 'हयगय नको' हे त्यांचं पालुपद. राहुरीला बहिणीकडे जायचं तर एस्टीच्या कितीतरी आधी स्टँडवर हजर. गाडीत बसल्यावरही शेजारच्याला विचारणार, "ही राहुरीलाच जाती ना?" गाडी राहुरीत शिरली तरी त्यांचा जीव थाऱ्यावर नसे.

अशा माणसाने गल्लीतला पहिला टीव्ही घेतला. पुण्यात तेव्हा नुकताच टीव्ही दिसायला लागला होता आणि नगरला पोचेपर्यंत त्याच्या नुसत्या मुंग्या व्हायच्या. पण काकांनी छपरावर अँटेनासुद्धा लावला नाही. त्यांना टीव्ही बघायचाच नव्हता, त्यावर खेळायचं होतं. मार्था, त्यांची एकुलती एक लेक, अमेरिकेत शिकागोला नर्स होती. काकू गेल्या त्या वर्षी ती नाताळला आली आणि येताना टीव्हीला जोडायची एक पेटी घेऊन आली. पेटीला दोन वायरी आणि प्रत्येक वायरीच्या टोकाला एक मूठ. काचेवर मैदान छापलेला प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवायचा, मुठी फिरवायच्या की दोन पांढरे चौकोन वर-खाली पळायचे आणि एक ठिपका इकडून तिकडे मारायचा. अमेरिकेची पेटी आणि आपला टीव्ही यांचं फारसं पटत नसे. मधूनच सगळं चित्र वर सरकायला लागे. "उचकी लागली," म्हणत काका टीव्हीच्या मागची खुंटी पिळत.

एका गुरुवारी सकाळी ते आमच्या दारात उभे राहिले. तोंड उतरलेलं.

"मास्तर, पेशंट उठत न्हाई. ठिपकाच उमटंना. काई करून रविवारी संध्याकाळी साताच्या आत उभा राह्यला पायजे."

मी शाळेत शास्त्र शिकवतो, त्यामुळे मला दुरुस्ती येते असा त्यांचा जुना गैरसमज. मी काकांना पेटीतले सेल बदलायला लावले. तिथे माझं शास्त्र संपलं.

मग पेटी घोंगडीत गुंडाळली आणि आम्ही टांग्याने बाजारात रज्जाकभाईंच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाकडे निघालो. पेटी काकांच्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ते "सांभाळ बाबा, सीरियस हाय" म्हणायचे. टांगेवाल्याने बिचाऱ्याने घोडा इतका हळू हाकला की चालत निघालेले लोक आमच्या पुढे गेले.

रज्जाकभाईंनी पेटी चारी बाजूंनी पाहिली. "हा अमेरिकेचा माल. मी उघडीन, पण परत बंद न्हाई झाला तर? ठेवून जावा. उद्या शुक्रवार, दुकान बंद. पुढच्या आठवड्यात निवांत बघतो."

"निवांत न्हाई!" काका एवढ्या जोरात ओरडले की समोरचा चहावाला बघायला लागला. "रविवारी साताला मार्था बसती."

"इथं येणार हाय?"

"तिकडंच. तिच्याकडं बी असलीच पेटी हाय. जाताना म्हनली, बाबा, रविवारी साताला तुम्ही बसा, मी बी बसते. तिथं सकाळ असती, चर्चला निघायच्या आधी खेळती. तिची मूठ मी इथं फिरवतो, माझी ती तिथं फिरवती." मग आमच्या तोंडांकडे पाहून ते जरा चिडले. "मधी तार न्हाई, एवढं मला कळतं."

रज्जाकभाईंनी स्क्रूड्रायव्हर घेतला. पेटी उघडेपर्यंत काका तिची कड धरून उभे. सेल बसवायच्या जागी पत्रा हिरवट काळा पडला होता आणि त्यावर तांबूस डाग होते.

"ह्ये काय लावलंय?"

"टिंक्चर," काका म्हणाले. "एक सेल गळून तिथं जखम झालती. चिघळू नये म्हनून रोज थोडंथोडं लावत हुतो."

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं.

"कंपाउंडरसाहेब, पत्रा खाऊन टाकलाय की तुमच्या टिंक्चरनं."

काका दुकानाच्या पायरीवर मटकन बसले. "म्हंजी मीच," एवढंच म्हणाले. मला हसू येत होतं, ते तिथल्या तिथे विरलं.

शुक्रवारी ते बंद दुकानाच्या पायरीवर जाऊन बसल्याचं कुणीतरी सांगितलं. मी त्यांना आणायला गेलो, तर ते तार ऑफिसकडे निघाले होते. मार्थाला तार करायची, की या रविवारी बसू नकोस. पण दारापर्यंत जाऊन परत फिरले. "इकडून तार आली म्हनल्यावर पोरगी काय समजंल? वाचायच्या आधीच रडायला लागंल." पत्राने तर पोचायला महिना काढला असता. आम्ही तसेच घरी आलो. वाटेत त्यांनी मला विचारलं, "मास्तर, मी लई उपचार करतो का हो?" मी म्हणालो, "नाही हो."

शनिवारी रज्जाकभाईंनी जुन्या बॅटरीतली पितळी पट्टी कापून कथलाचा डाग देऊन बसवली. पेटी ढिम्म. काका दिवसभर दुकानात येत-जात राहिले. शेवटी रज्जाकभाईंनी हात जोडले, "भेटायची वेळ संपली, घरी जावा. आणखी कुठंतरी तार तुटलीय, मी बघतो."

रविवारी दुपार कलली तरी काही निरोप नव्हता. काकांनी काचेवर कागद चिकटवून ठेवला होता. ऊन ओसरता ओसरता रज्जाकभाई स्वतः सायकलवरून आले. पेटी जोडली, आणि टीव्हीच्या काचेवर ठिपका उमटला. काकांनी त्यांचे दोन्ही हात धरले. रज्जाकभाई अवघडले आणि चहा न घेताच निघून गेले.

साताला काका स्टुलावर बसले. एक मूठ उजव्या हाताखाली, दुसरी डाव्या.

"डावी मी धरू का?" मी विचारलं.

"नको मास्तर. ती तिची हाय."

खेळ सुरू झाला. डावा हात एकही ठिपका सोडत नव्हता. उजवा मात्र सोपे सोपे ठिपके सोडत होता आणि काका दरवेळी म्हणत होते, "वा गं बाई, भले!" एवढ्या दिवसांची काळजी त्यांच्या चेहऱ्यावरून कुठल्या कुठे गेली होती.

गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. मी विचारलं, "काका, दर रविवारी ती तिकडे खरंच बसत असेल?"

त्यांनी मान वळवली नाही. ठिपका आला, तो डाव्या हाताने परतवला.

"ठावं न्हाई," ते म्हणाले. "पण ती बसली, अन् मीच नसलो, तर?"