आगीच्या जागी रुबाबदार दिसण्याविषयी

आग विझली की नाही हे ठरायला वेळ लागतो. ती विझवायला आलेला माणूस कसा दिसतो, हे मात्र तत्काळ ठरते. म्हणून कोणत्याही प्रगत समाजाने दुसऱ्या गोष्टीकडे आधी लक्ष द्यावे, हे उघड आहे. सुरतजवळच्या सचिन गावाच्या बाजूला असलेल्या सुवर्णरेखा औद्योगिक सहकारी वसाहतीने ते १९९६ सालीच दिले होते.

वसाहतीत दोनशे चौदा कारखाने होते. विणकाम, रंगकाम, छपाई, आणि या तिन्हींना लागणारे, पटकन पेटणारे सर्व काही. त्यामुळे वसाहतीने स्वतःचा एक बंब आणि सात माणसे ठेवली होती. त्यांपैकी हिलाल बडगुजर हा बंबाचा ड्रायव्हर. गाडी पोचल्यावर तोच फायरमन. मूळचा अमळनेरकडचा, राहायला सुरतेतल्या गोडादऱ्यात, नोकरी एकोणीस वर्षे. एकशे बारा आगींवर तो जाऊन आला होता. (त्यांतील दोन लग्नाच्या आचाऱ्याच्या चुली निघाल्या, पण त्याही विझवल्या होत्या.)

तोवर ही सात माणसे आगीत जाड खाकी डगला घालून शिरत. डगला गुडघ्यापर्यंत, जागोजाग करपलेला, आणि वासाला असा की तो घालून हिलाल बसमध्ये चढला की त्याला दोन माणसांची जागा मिळे. त्या डगल्याविषयी आगीची कधी तक्रार आली नव्हती. तक्रार आली ती परदेशी पाहुण्यांची.

फेब्रुवारीत काही परदेशी खरेदीदार वसाहत पाहायला आले. त्या वेळी हिलाल आणि त्याचा प्रमुख हेमराज बनियनवर बंब धूत होते. “हे कोण?” असे पाहुण्यांनी विचारले. वसाहतीचे सेक्रेटरी जशुभाई हे प्रसंगावधानी गृहस्थ. ते म्हणाले, “गाड्या धुणारे.” पाहुणे समाधानाने पुढे गेले, जशुभाईंच्या मनाला मात्र ती गोष्ट लागून राहिली. आठवड्याच्या आत ‘प्रतिमा-संवर्धन उपसमिती’ स्थापन झाली. तिच्यात तीन साडी कारखानदार, एक केटरर आणि एक असे गृहस्थ होते की ज्यांचे मेहुणे विमानतळावर नोकरीला होते. (ते तिथे काय करीत याची नोंद नाही.) समितीच्या चार बैठका झाल्या. दोन टोपीवर, एक टोपीच्या गोंड्यावर. चौथी आगीवर होती; तिला पुरेसे सदस्य जमले नाहीत.

गणवेश ठरला तो असा: ‘आसमानी झगमग’ या छटेचा शर्ट, खांद्यावर सोनेरी दोऱ्या, पांढरी विजार, टाय, पांढरे हातमोजे, गोंड्याची टोपी आणि आरशासारखे तोंड दिसेल असे चकचकीत बूट. कापड एका सदस्याने आपल्या साडीच्या उरलेल्या ताक्यांतून उदारपणे दिले. शंभर टक्के पॉलिएस्टर. हेमराजच्या शर्टाला आतल्या बाजूने बारीक गुलाबाची फुले होती, पण ती बाहेरून दिसत नसल्यामुळे शिस्तीला बाध येत नव्हता.

माप द्यायच्या दिवशी हिलालने कापड चुरगळून पाहिले आणि म्हणाला, “साहेब, कपडा चांगला आहे. पण हा आगीजवळ वितळतो. अंगाला चिकटतो.”

जशुभाई प्रेमळपणे म्हणाले, “हिलालभाई, मग एवढं जवळ जायचंच कशाला? पाइप एवढा लांब घेतला तो कशासाठी? पाणी तो दूरथी पण पडे ने!”

एकोणीस वर्षांत हे आपल्या लक्षात कसे आले नाही, असा विचार करीत हिलाल माप देऊन आला.

सोबत परिपत्रक निघाले. विजारीला इस्त्रीची धार असावी. आगीच्या ठिकाणी धावू नये. लांब ढांगा टाकाव्यात. घाम आल्यास तो नागरिकांकडे पाठ करून पुसावा. निघण्यापूर्वी सर्वांनी आरशासमोर उभे राहून प्रमुखाकडून तपासणी करून घ्यावी आणि ‘प्रतिमा नोंदवही’त सही करावी. जुने डगले गोदामात जमा करावेत. सहा डगले जमा झाले. सातवा हिलालने ‘बंब पुसण्याचे फडके, नग एक’ असा लिहून सीटखाली ठेवला.

वसाहतीच्या भिंतींवर रंगीत चित्रेही लागली. ‘हाच तुमचा फायरमन. गणवेश नसलेल्या इसमाच्या हाती स्वतःला सोपवू नका.’ महिन्याने पाहणी झाली तेव्हा शंभरपैकी सत्याऐंशी लोकांनी गणवेश उत्तम असल्याचे सांगितले. उरलेल्या तेरांनी लग्नाच्या तारखा दिल्या आणि मिरवणुकीला किती वाजता येणार असे विचारले.

घरीही हेच झाले. नवा गणवेश घालून हिलाल दारात उभा राहिला, तशी बायको सुंदरा त्याला खालून वर न्याहाळत म्हणाली, “हाई काय घाली उनात? बेंडमा लागी ग्यात का काय?”

“ड्यूटीचा ड्रेस आहे. इस्त्री कर. धार पाहिजे.”

सुंदराने शर्टावर इस्त्री टेकवली. ती उचलली तेव्हा शर्टाचा काही भाग तिच्यासोबत उठला. दोघे नवराबायको त्या भोकाकडे बघून हसू लागले. मग सुंदरा हसायची थांबली आणि हळूच म्हणाली, “आनि हाई घालीसन तुम्ही आगमा जाशात?”

 हिलालने ठिगळ लावलेला शर्ट घडी करून पिशवीत ठेवला. कामावर दोघे जण त्याच्याकडे पाहून हसले, पण भोकाला ठिगळ त्याच छटेचे होते, कारण सुंदराकडे त्याच ताक्यातली एक साडी होती.

मे महिन्यात, दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी, एकशे सतरा नंबरच्या कारखान्यात सुताच्या गोदामाला आग लागली. घंटा झाली. हिलालने गाडी सुरू केली. बाकीचे सहा जण नियमाप्रमाणे आरशासमोर उभे राहिले.

“हेमराजभाऊ, चला!” हिलाल हॉर्न दाबत ओरडला.

“थांब रे, वाल्मिकचा गोंडा सापडत नाही!”

“गोंड्याबिगर आग दिसत नाही का त्याला?”

हेमराज वाईट माणूस नव्हता. तो फक्त सही झाल्याशिवाय श्वास न घेणाऱ्यांपैकी होता. शेवटी हिलालने गाडी गियरमध्ये टाकली, तसे सहाही जण परिपत्रकाचा भंग करीत धावले आणि लटकले. पूर्वी बंब निघायला सरासरी पावणेदोन मिनिटे लागत. गणवेश आल्यापासून नऊ लागू लागली होती. त्या दिवशी सहा लागली, हा नव्या काळातला उच्चांक होता.

जागेवर लुंगी-बनियनमधली पन्नासेक माणसे रांगेने बादल्या फेकत होती. (वसाहतीच्या प्रतिमेच्या दृष्टीने हे दृश्य खेदजनक होते.) सहा जणांनी पाइप घेऊन लांब ढांगा टाकल्या. पंचवीस फुटांवर वाल्मिकच्या बाह्या आखडून कोपरापर्यंत आल्या. वीस फुटांवर हेमराजचा टाय मेणासारखा ओघळू लागला. तेव्हा जेथे गणवेश सुरक्षित राहतो अशा अंतरावर, म्हणजे चाळीस फुटांवर, ते परत आले आणि ओळीत उभे राहिले. पाइप खरोखरच लांब होता. पाणी पंधरा फूट अलीकडे पडत होते.

तेवढ्यात धागे कापणारी कुसुम रडत धावत आली. “सुभद्रामावशी वरच हाय! माडीवर! धुरात वाट दिसंना तिला!”

हिलालने सीटखालचे फडके ओढले, टाकीच्या नळाखाली धरून भिजवले, गणवेशावरच चढवले आणि जिन्याने वर गेला. ढांगा टाकण्याचे त्याला आठवले नाही.

माडीवर मागच्या खोलीत सुभद्राबाई खिडकीच्या गजांना तोंड लावून बसल्या होत्या. परभणीकडच्या, साठीच्या, आणि चित्रातली सूचना शेजारणीकडून दोनदा वाचून घेतलेल्या.

“चल मावशी!”

“कोन रे तू? डरेस कुठंय तुझा?”

“फायरवाला आहे!”

“फायरवाले निळे असतेत. तू तर भंगारवाला दिसतूस!”

छताला तडतड चालू होती. हिलालने डगल्याची वरची बटणे तोडली आणि खांद्यावरची सोनेरी दोरी दाखवली. सुभद्राबाईंनी धुरातूनही ती हाताने चाचपली.

“मंग असं सांग की,” म्हणत त्या उठल्या.

जिन्याच्या वळणावर आग आडवी आली होती. हिलालने डगला काढून त्यांच्या डोक्यावरून पांघरला, त्यांना छातीशी दाबले आणि खाली उतरला. उतरताना गणवेशाने आपला गुणधर्म पाळला. एक बाही वितळून त्याच्या हाताला चिकटली. तो ओरडला, पण त्याची पकड सुटली नाही. बाहेर आल्यावर सुभद्राबाईंना एक ओरखडाही नव्हता.

तासाभराने बादल्यांनी आग विझली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला: ओळीत उभे सहा आसमानी जवान, मागे धूर, खाली ‘शिस्तीचे दर्शन’. हिलाल तेव्हा दवाखान्यात होता. तिथे त्याला मेमो मिळाला. साफसफाईच्या साहित्याचा गैरवापर, कर्तव्यावर अनधिकृत पोशाख, व वसाहतीच्या मालकीची बाही एक नष्ट करणे; खुलासा सात दिवसांत. खुलासा हिलालऐवजी सुंदराने लिहून दिला: “बाही जयनी ना, हात बी जयना. हात कोनी मालकीना शे ते बी लिखी द्या.” (‘जयना’ म्हणजे जळला.) कचेरीत अहिराणी कुणाला वाचता येत नसल्यामुळे तो समाधानकारक मानण्यात आला.

प्रकरण तिथेच संपले असते. पण सोमवारी भर सकाळी सुभद्राबाई करपलेला डगला घालून जशुभाईंच्या केबिनमध्ये आल्या आणि खुर्चीत बसल्या. वासाने केबिनमधली बाकी माणसे आपोआप बाहेर गेली.

“बोला बेन,” जशुभाई नाकाला रुमाल लावून म्हणाले.

“साहेब, माझ्यासाठी जो येईल त्याला हा कोट द्या. तुमच्यासाठी येनाऱ्याला त्यो निळा राहू द्या. मला काई म्हननं न्हाई.”

जशुभाईंनी खिडकीतून शेजारच्या रसायनांच्या गोदामाकडे पाहिले.  मग बेल दाबली.

त्या आठवड्यात गोदामातले सहाही डगले बाहेर आले. मेमो मागे घेतला गेला नाही, पण तो हरवला, आणि सरकारी-सहकारी व्यवहारात यापेक्षा मोठी माफी नसते. झगमग गणवेश पाहुण्यांच्या दिवसापुरते राहिले. जूनच्या अखेरीस हिलाल कामावर परतला. हेमराजने काही न बोलता त्याच्यासाठी चहा मागवला, आणि कप त्याच्या हातात न देता ओठांशी धरला.

पुढे हिलालचा सत्कार झाला. तेव्हा पेपरवाल्याने डगल्याचा वास विचारला. उपसमितीने सोनेरी दोरीची उपयुक्तता नोंदवून घेतली. आत जाताना टोपी होती का, असे केटररने दोनदा विचारले. हिलालचा नेमका कोणता हात भाजला, हे मात्र कोणी विचारले नाही.

इथवर मजेत वाचत आलेल्या तुम्हीही विचारले नाही. उजवा.